आमचा चिमटा

त्याच्या डाव्या कानाच्या पाळीला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा कायम लावलेला असे. चिमट्यातून निघालेली वायर मानेवरून सदऱ्यात जाई आणि कमरेच्या कापडी पिशवीतल्या डबीत शिरे. डबीतून सारखा टक् टक् आवाज येत राही. चहाच्या टपरीवर, सिनेमाच्या रांगेत, सगळीकडे तो तसाच. एकदा गैरहजेरीबद्दल माफी मागायला तो प्राचार्यांपुढे उभा राहिला तेव्हाही चिमटा कानाला होताच. प्राचार्य रागावू लागले तसा डबीतला आवाज जलद झाला. त्यांनी मध्येच थांबून विचारलं, हा काय प्रकार आहे. त्यानं समजावून सांगितलं. मग प्राचार्यांनी तो स्वतःच्या कानाला लावून पाहिला, आपले ठोके ऐकून खूश झाले, आणि माफीचं राहूनच गेलं.

हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं होतं, पण सगळं कॉलेज त्याला चिमटा म्हणे. इथंच माझी पहिली अडचण आहे. तो चिमटा मी केला होता. बल्ब मी बसवला, वायरी मी जोडल्या, डबीतलं सगळं माझ्या हातचं. नाव मात्र त्याला मिळालं. मला कुणीच कसलंच नाव ठेवलं नाही.

हे यंत्र म्हणजे आमचा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प. चिमट्याच्या एका जबड्यात विजेरीचा बारीक बल्ब आणि दुसऱ्यात उजेड ओळखणारी काचेची टिकली. हृदयाचा ठोका पडला की कानाच्या पाळीत रक्त भरतं, पलीकडे जाणारा उजेड किंचित कमी होतो आणि डबी टक् करते. पिशवीच्या बाहेरून शिवलेला एक मणी हवेतली उष्णता ओळखायचा. ऊन फार आणि ठोकेही फार, असं दोन्ही जुळून आलं की लाल दिवा लागायचा. म्हणजे आता सावलीत बसा. नागपूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर राबणाऱ्यांच्या अंगावर असं काहीतरी असलं पाहिजे, ही आमच्या सरांची कल्पना. ती त्यांनी आम्हा दोघांना वाटून दिली, आणि त्या वर्षापुरता चिमटा माझा जोडीदार झाला.

तेव्हा माझ्या मनात दुसरंच चाललेलं होतं. मी सावनेरकडच्या गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबांची पिठाची गिरणी आहे, आणि तिथला गडी त्या हिवाळ्यात काम सोडून गेला होता. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा बाबांनी फार हळू आवाजात विचारलं की शेवटचं वर्ष पुढं कधी करता येतं का. नंतर सरांनी आम्हाला धंतोलीतल्या एका छोट्या कारखान्यात नेलं. तिथले काका हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करत. आमचा चिमटा पाहून त्यांनी ठरवलं की आजारी माणसांसाठी असे चिमटे आपणच करून विकायचे. त्यासाठी पुढचं वर्षभर दुपारी येणारा एक मुलगा त्यांना हवा होता. एकच. त्या पगारात गिरणीवर गडी ठेवता आला असता आणि मी कॉलेजात राहिलो असतो. त्या दिवसापासून मी चिमट्याकडे नीट पाहू लागलो. म्हणजे तो कुठे माझ्यापेक्षा बरा आहे, हे शोधू लागलो. शोधायला वेळ लागला नाही.

त्याला बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय होती. म्हणायचा की डबीचे ठोके आणि नाडीचे ठोके जुळतात का ते पाहतो आहे. पण माणसं त्याच्या हातात मनगट देत आणि मग बोलतच राहत. मेसच्या काकू वर्षभर आम्हा सगळ्यांना ताट वाढून आत निघून जायच्या. चिमट्यानं एकदा त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाला, “काकू, रात्री झोपून नाही राहिल्या तुम्ही.” काकू तिथंच पाटावर बसल्या आणि मुलीच्या सासरची सगळी हकीकत सांगू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या भातावर जास्तीचं तूप पडू लागलं. मीही एकदा धीर करून काकूंना विचारलं, तब्येत कशी आहे. त्या म्हणाल्या, बरी आहे, भाजी संपली.

यंत्राबद्दल त्याचं म्हणणं एकच असे. मी नवीन जोड करून दाखवला, आवाज आता किती स्वच्छ येतो ते ऐकवलं, की तो म्हणे, “यंत्र ठीक हाय बे, माणूस काय म्हणून राहिला ते पाय.” हे वाक्य मला फार लागायचं. मी सीताबर्डीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून सुटे भाग शोधून आणायचो, बोटं भाजून घ्यायचो, आणि हा ते कानाला लावून गावभर हिंडायचा. पण परत आला की काहीतरी सांगे. चिमटा घट्ट बसून कान दुखतो. बायकांच्या कर्णफुलाला अडतं. म्हाताऱ्यांची पाळी पातळ असते, दांडा रुततो. माझ्याकडे सांगण्यासारखं असं काही नसे, कारण मी टेबलापाशीच बसलेला असे.

एप्रिलात रामदासपेठेत रस्त्याला डांबर घालायचं काम निघालं. सरांनी तिथल्या मुकादमाशी बोलून ठेवलं आणि आम्ही यंत्र घेऊन गेलो. मी काय सांगायचं ते पाठ करून नेलं होतं. गिट्टी वाहणाऱ्या बायांपुढे उभा राहून मी रक्ताभिसरण हा शब्द उच्चारला आणि त्या एकदम मागे सरल्या. रक्त काढून नेतात वाटते, असं एक जण दुसरीला म्हणाली. चिमट्यानं मला हातानं बाजूला केलं.

“मावशे, बुगडी हाय. बिनसोन्याची. लावून पाय, नवरा वळखणार नाही तुले.”

“माहा नवरा तसाही वळखत नाही,” ती म्हणाली. सगळ्या हसल्या आणि तिनं कान पुढे केला.

पण ऊन चिमट्यात शिरत होतं आणि डबी वेड्यासारखी टकटक करत होती. हे होणार हे मला माहीत होतं. त्यासाठी मी कित्येक दिवस काळ्या कागदाची एक टोपी करत होतो. ती खिशातून काढेपर्यंत चिमट्यानं मावशीला पदर कानावरून घ्यायला सांगितलं होतं, जसा ती उन्हात रोजच घेते. ठोके स्वच्छ येऊ लागले. मी कागदाची टोपी परत खिशात घातली.

थोड्या वेळानं लाल दिवा लागला. मला फार आनंद झाला. प्रयोग जमला होता. पण मावशी काही सावलीत बसेना. बसली की मुकादम खाडा धरणार. ती टोपलं उचलायला निघाली तेव्हा चिमटा मला म्हणाला, “दिवा लागून काय फायदा बे? ती तं चालली.” तिच्या कानाला लावलेलं यंत्र काढून घेऊन तो सरळ मुकादमाकडे गेला. मुकादम गलेलठ्ठ, कामावर ओरडण्यापुरता उन्हात उभा राहणारा माणूस. चिमटा त्याला म्हणाला की हे खरं म्हणजे साहेब लोकांच्या कानाचं यंत्र आहे, बायांना उगीच लावलं. मुकादमानं टोपी काढून कान पुढे केला. चिमट्यानं आपला दुपट्टा त्याच्या डोक्याभोवती बांधला, पिशवी कमरेला लावली आणि डांबराच्या भट्टीपर्यंत जाऊन या म्हणून सांगितलं. तिथून परत येईपर्यंत मुकादमाच्या कमरेचा दिवा लालभडक झाला.

“आता काय होते गा मले?” मुकादमाचा चेहरा उतरला.

“काही नाही होत, साहेब. जरासं बसा फक्त. पण तुम्ही एकटेच बसले तं बरं नाही दिसत.”

मुकादमानं हात वर करून सगळ्यांना बसायला सांगितलं. कडुलिंबाखाली सगळी मंडळी बसली. मावशीनं आपल्या मडक्यातलं पाणी आधी चिमट्याला दिलं, मग मुकादमाला, मग मला. पाणी पिताना मी विचार करत होतो की ज्या यंत्राचा दिवा त्या मुकादमाच्या कमरेला लागला ते माझं आहे, पण बसली ती सगळी चिमट्याच्या सांगण्यावरून. सरांना हे कळलं तेव्हा ते हसून हसून दमले आणि विभागात ज्याला त्याला सांगत सुटले. डबीतल्या जोडांबद्दल कुणी काही बोललं नाही. जोड चांगले असले म्हणजे बोलण्यासारखं काही उरत नाही.

परीक्षा संपल्यावर तो माझ्या गावी आला. मी बोलावलं नव्हतं. बसपर्यंत पोहोचवायला आला आणि बसमध्येच बसला. एवढ्या लांबून पिठाची गिरणी पाहायला कुणी येतं का, असं मी म्हणालो, तर म्हणे, पाहिली नाही बे कधी. गिरणीत दुपारी भट्टीसारखं तापतं आणि हवेत पीठ तरंगत असतं. त्यानं शिंका देत देत सगळी गिरणी पाहिली आणि बाबांना विचारलं, काका, कान देता का?

मी कॉलेजात गेल्यापासून बाबा माझ्याशी जपून बोलतात. जेवला का, परीक्षा कधी, एवढंच. मी आलो की खाटेवर सरकून जागा करतात, जणू मी पाहुणा आहे. त्या बाबांनी हसत हसत कानाला चिमटा लावून घेतला. डबी बोलू लागली. टक्, टक्, टक्, मग काहीच नाही, मग घाईघाईनं दोन, मग परत टक्.

मी डबी ओढून घेतली. प्रवासात एखादा जोड ढिला झाला असणार असं मी म्हणालो. ओट्यावर बसून मी डबी उघडली, प्रत्येक वायर हलवून पाहिली, बॅटरी बदलली. सगळं घट्ट होतं. तरी ठोका अधूनमधून गळतच होता. मला माझ्या कामाची लाज वाटू लागली, तीही बाबांसमोर. मी परत पहिल्या वायरीपासून सुरुवात केली.

चिमटा डबीकडे पाहतच नव्हता. त्यानं बाबांचं मनगट धरलं होतं आणि तो अगदी हळू काहीतरी विचारत होता. मग मला बाबांचा आवाज ऐकू आला. “पोतं घेऊन चढलो का आतमधी पाखरू फडफडल्यावानी होते. लय दिवसाचं होऊन राहिलं. त्याले नोको सांगू बाप्पा, त्याचं शिक्षण चालू हाय.”

मी चार हातांच्या अंतरावर बसलो होतो. हातात स्क्रू आवळायचं हत्यार होतं. बाबांच्या कानाला माझं यंत्र होतं, त्यानं जे सांगायचं ते बरोबर सांगितलं होतं, आणि बाबा बोलले ते त्याच्याशी. त्या क्षणी बाबांची काळजी आधी वाटायला हवी होती. ती वाटलीही. पण तिच्याबरोबर दुसरंही वाटलं आणि ते लपवून मला हे लिहिता येणार नाही. मला वाटलं, हे वाक्य माझं होतं. ते मला मिळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना धंतोलीच्या डॉक्टरांकडे आणायला त्यानंच राजी केलं. माझ्यानं झालं नसतं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की आता पोतं उचलायचं नाही, पिठाच्या धुरळ्यात दिवसभर उभं राहायचं नाही. काळजीचं फार कारण नाही, पण हे पाळलं पाहिजे. बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. आता गडी ठेवायचा किंवा मी परत यायचं, याशिवाय तिसरा रस्ता नव्हता. चिमटा तेव्हा खोलीतच होता. त्यानंही माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कारखान्याच्या काकांनी दोघांना सांगितलं की आपापले चार चिमटे करून आणा, मग ठरवतो. मी जेवण विसरून काम केलं. माझे चारही चिमटे टेबलावर ओळीनं ठेवले तर कोणता कोणता ते मलाही ओळखता आलं नसतं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले की हे एका आईचे लेकरं दिसतात. मग चिमट्यानं आपले काढले. एकाच्या दांड्याला मऊ लोकरीच्या नमद्याचं अस्तर होतं. दुसऱ्यात स्प्रिंगऐवजी सायकलच्या ट्यूबचा रबर होता. तिसरा जाड पाळीसाठी रुंद, आणि चौथा एवढासा, लहान लेकराच्या कानाचा.

“हे तं चार गावचे हाय,” काका म्हणाले.

“कानही चार गावचे असते ना, काका.”

“कान असू दे. मले शंभर करायचे हाय, ते सारखे कोण करन?”

चिमट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. “हा करन. ह्याच्यासारखा हात नाही कोणाचा.” आणि तो काकांच्या कानाला रबराचा चिमटा लावून त्यांच्या झोपेची चौकशी करू लागला.

जागा मला मिळाली. गावी गिरणीवर गडी आला. मी कामावर गेलो त्या पहिल्या दुपारी काकांनी माझे चार चिमटे एका खोक्यात टाकले आणि चिमट्याचा रबराचा नमुना माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, लागतच नाही कानाला, लावला आहे असं वाटतच नाही. असेच करायचे. तेव्हापासून मी रोज दुपारी त्याचाच चिमटा करतो. एकसारखे करतो. धंतोलीच्या दवाखान्यांत ते जातात, माणसं ते कानाला लावून निजतात, आणि अजून एकही तक्रार आलेली नाही. लोक मला शाबासकी देतात. मी ती घेतो आणि दिवसभर ती मला बोचते.

त्यानं ते चार वेगवेगळे मुद्दाम केले का, हे मला कळलेलं नाही. त्याचा स्वभाव पाहिला तर तो असंच करणार होता, प्रत्येक कानाला वेगळं. पण डॉक्टरांच्या खोलीतली त्याची नजरही मी पाहिली होती. स्वभावानं केले असतील तर मी जिंकलो. मुद्दाम केले असतील तर जिंकण्यातसुद्धा तो माझ्यापुढेच आहे, आणि ज्या एका गोष्टीत मी त्याच्यापेक्षा बरा ठरलो तीही त्यानंच दिलेली. हा विचार आला की मला त्याचा राग येतो. एवढं चांगलं असायची काय गरज होती?

त्याचा गणिताचा पेपर पुन्हा राहिला. घरची स्थिती माझ्याहून बरी नव्हती, ते तो कधी बोलत नसे. त्याचे मामा भिलाईला होते. त्यांनी तिथल्या एका कारखान्यात अप्रेंटिसचं जमवलं आणि चिमट्यानं कॉलेज सोडलं. “इथं राहून काय करू बे? तूच तं चिमटे करून राहिला,” असं म्हणून हसला. त्या हसण्यात मी काही सापडतं का ते शोधलं. काही सापडलं नाही.

दुपारच्या गाडीला मी त्याला पोहोचवायला गेलो. या वेळी विचारायचंच, असं ठरवून गेलो होतो. ते चार चिमटे तू मुद्दाम केलेस का, एवढं एकच वाक्य. रिक्षात ते मनात जुळवलं. फलाटावर त्याची पेटी उचलून देताना ते अगदी तोंडाशी आलं होतं. पण डब्यात शिरल्या शिरल्या एका म्हातारीला खिडकीची जागा हवी होती, ती त्यानं कुणाकुणाला उठवून तिला मिळवून दिली. मग ती म्हातारी भिलाईच्या पुढे लेकीकडे निघाली आहे आणि लेकीचं पहिलं बाळंतपण आहे हे त्याला कळलं. समोरच्या बाकावरच्या एका फौजी माणसानं त्याला चिवडा पुढे केला. कोपऱ्यात रुसून बसलेलं एक जोडपं होतं, त्यांचं कशावरून बिनसलं तेही त्यानं काढून घेतलं, आणि सगळा डबा त्या दोघांची समजूत घालू लागला.

मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. गाडी हलली तसा तो लगबगीनं खिडकीशी आला. “बाबाले गोळ्या वेळेवर देजो,” म्हणाला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून फौजी माणसानं त्याला हाक मारली, वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखी, आणि तो वळला. मी थोडा वेळ गाडीबरोबर चाललो. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्याची पाठ दिसत होती आणि तिच्याभोवती ती सगळी माणसं गोळा झाली होती.

मग डबा पुढे निघून गेला. आयुष्यात मी त्याचा इतका हेवा केला, पण त्या दुपारी फलाटावर मला पहिल्यांदाच त्याचा हेवा वाटला नाही. त्या डब्यातल्या माणसांचा वाटला. त्यांना तो भिलाईपर्यंत मिळणार होता.